डेडिकेटेड इंटरनेट की प्रायव्हेट लाइन? ईआरपी दोन ठिकाणांहून चालवायचं आहे

प्रश्न – कारखानदारी

नमस्कार. तीन ठिकाणांची जोडणी नव्याने करायची आहे. दोन प्रस्ताव समोर आहेत आणि निर्णय अडला आहे.

मुख्य कार्यालयात ६० माणसं. ईआरपीचा (ऑर्डर, साठा, हिशोब यांचं एकत्रित सॉफ्टवेअर) सर्व्हर, फाइल सर्व्हर आणि फोनचं पीबीएक्स (अंतर्गत एक्सचेंज) इथेच. कारखान्यात ४० माणसं, त्यातले २५ ईआरपी वापरतात. ३० आयपी फोन, २४ कॅमेरे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिथेच होतं, पण पाहणारे कार्यालयात बसतात. दोन्हींमध्ये फायबरच्या मार्गाने साधारण ३५ किलोमीटर. तिसरं ठिकाण गोदाम, १२ माणसं, २२० किलोमीटरवर.

सध्या तिन्हीकडे १०० एमबीपीएसचं साधं ब्रॉडबँड आहे, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं, आणि त्यावरून फायरवॉल ते फायरवॉल आयपीसेक टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी एन्क्रिप्टेड वाट. तक्रारी दोन. कारखान्यात ईआरपीची ऑर्डरची खिडकी उघडायला १०-१२ सेकंद लागतात, कार्यालयात तीच लगेच उघडते. आणि कारखान्यातून कार्यालयात मोठी फाइल पाठवली की वेग १३ एमबीपीएसच्या वर जातच नाही. लाइन १०० ची असून, मध्यरात्री मोजला तरी तोच.

प्रस्ताव असे:

अ) तिन्ही ठिकाणी १०० एमबीपीएस डेडिकेटेड इंटरनेट, टनेल आहे तसेच.

ब) कार्यालय ते कारखाना १०० एमबीपीएस पॉइंट टू पॉइंट प्रायव्हेट लाइन, कार्यालयात २०० एमबीपीएस डेडिकेटेड इंटरनेट, आणि कारखान्याचं इंटरनेटही कार्यालयातूनच.

करार तीन वर्षांचा. यातलं काय घ्यावं आणि का?

उत्तर – निळा पॅच

आधी एक मोजमाप करा. कारखान्यातल्या संगणकावरून ईआरपीच्या सर्व्हरला टनेलमधून शंभर पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी छोटी पॅकेटं) पाठवा आणि सरासरी बघा. माझ्या हिशोबाने आकडा ४० मिलिसेकंदांच्या आसपास निघेल, कारण तुमचे १३ एमबीपीएस तेच सांगतायत. टीसीपी, म्हणजे डेटा पोचवणारा प्रोटोकॉल, एका दमात ६४ किलोबाइट पाठवून पोचपावतीची वाट बघत असेल, तर ६५,५३५ बाइट गुणिले ८, भागिले ०.०४ सेकंद, म्हणजे १३.१ एमबीपीएस. लाइन १०० ची असो की १००० ची, हा आकडा हलत नाही. विंडो स्केलिंगची, म्हणजे एका दमात जास्त पाठवण्याची, सोय आली त्याला कैक वर्षं झाली, पण जुनी सॉफ्टवेअरं बफर ठरावीकच ठेवतात आणि काही फायरवॉल जोडणी सुरू होतानाच्या हँडशेकमधला तो पर्याय काढून टाकतात. मध्यरात्रीही वेग तोच राहतो यावरून दिसतं की ही गर्दीची अडचण नाही.

ईआरपीचंही तसंच. क्लायंट थेट डेटाबेसशी बोलणारा असेल, तर एक खिडकी उघडताना तो एकामागून एक दोनशे-तीनशे क्वेऱ्या टाकतो, आणि एकीचं उत्तर आल्याशिवाय पुढची जात नाही. ३०० गुणिले ४० मिलिसेकंद म्हणजे १२ सेकंद. कार्यालयात तोच फेरा अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो, म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही.

म्हणजे तुम्हाला कमी पडतोय तो जाण्यायेण्याचा वेळ, बँडविड्थ पुरेशी आहे. आता ३५ किलोमीटरला ४० मिलिसेकंद का लागावेत? फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. ३५ किलोमीटर जाऊन येऊन ०.३५ मिलिसेकंद. मधली उपकरणं धरली तरी एक ते दोन. बाकीचा वेळ पॅकेट भलत्याच गावांना वळसा घालून येण्यात जातोय. दोन्ही टोकांना वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांची जाळी एकमेकींना भेटतात ती जागा तुमच्यापासून शेकडो किलोमीटरवर असू शकते. टनेलबाहेरून, एका फायरवॉलच्या सार्वजनिक पत्त्यावरून दुसऱ्याच्या पत्त्यावर ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) लावा, वळसा दिसेल. उलट दिशेनेही लावा, परतीचा मार्ग बऱ्याचदा वेगळा असतो.

प्रस्ताव 'अ' इथेच अडखळतो. डेडिकेटेड इंटरनेटमध्ये 'डेडिकेटेड' असतो तो तुमच्या दारापासून त्या कंपनीच्या एज राउटरपर्यंतचा, म्हणजे तिच्या जाळ्याच्या कडेच्या राउटरपर्यंतचा, भाग. १:१ प्रमाण (क्षमता इतरांत वाटलेली नाही), अपलोड-डाउनलोड सारखं, एसएलए (सेवेची लेखी हमी), सगळं तिथपर्यंत. पुढचा प्रवास सगळ्यांच्याच इंटरनेटवरून. कारखान्यात एका कंपनीची आणि कार्यालयात दुसऱ्या कंपनीची डेडिकेटेड लाइन घेतलीत तर ४० चे ३५ होतील, ईआरपी तसंच रांगेल आणि पैसे मात्र तीन वर्षं जात राहतील. दोन्हीकडे एकाच कंपनीची घेतली आणि तिचे दोन्ही एज राउटर त्याच भागात असले, तर ४-५ मिलिसेकंदही मिळू शकतात, आणि मग 'अ' पुरेसा ठरतो. करारापूर्वी कंपनीकडून त्या दोन पत्त्यांमधली जाऊन-येऊन लेटन्सी (लागणारा वेळ) लेखी मागा. 'आमचं नेटवर्क उत्तम आहे' या उत्तरावर सही करू नका.

उत्तर – घड्याळजी

निदान पटलं. पण 'ब' जसा लिहून दिलाय तसा घेऊ नये.

पहिली गोष्ट, 'प्रायव्हेट लाइन' या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि कोटेशनमध्ये ते स्पष्ट नसतं. इथरनेट प्रायव्हेट लाइन म्हणजे एका पोर्टमध्ये टाकलेली फ्रेम (इथरनेटवरचं डेटाचं पाकीट) जशीच्या तशी दुसऱ्या पोर्टमधून बाहेर. व्हर्च्युअल प्रकारात एकाच पोर्टवर व्हीलॅननुसार (टॅग लावून वेगळ्या केलेल्या जाळ्यांनुसार) अनेक सर्किटं येतात, मधलं जाळं सामायिक असतं. एमपीएलएस व्हीपीएनमध्ये कंपनीचा राउटर तुमच्या राउटिंगमध्येच भाग घेतो. दोनच ठिकाणं असतील तर पहिला प्रकार सगळ्यात साधा. ठिकाणं वाढली की तो महागात जातो, कारण प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं तर पाच ठिकाणांना दहा लाइना होतात. तिथे एमपीएलएस किंवा इंटरनेटवरचे टनेल बरे.

विक्रेत्याला हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कोणता प्रकार? जास्तीत जास्त फ्रेम केवढी जाते, १५२२ की ९०००? मॅक पत्त्यांच्या (उपकरणांच्या इथरनेट पत्त्यांच्या) संख्येवर मर्यादा आहे का? व्हीलॅन टॅग जसेच्या तसे पोचतात का? १०० एमबीपीएस मोजताना फ्रेमपुढचा प्रीअँबल (सुरुवातीची खूण) आणि दोन फ्रेममधली जागा धरता की नाही? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्या दोन्ही मिळून प्रत्येक फ्रेममागे २० बाइट होतात. १५०० च्या पॅकेटला ते जाणवत नाहीत. ६४ बाइटच्या फ्रेमला पाव क्षमता तिथेच जाते.

दुसरी गोष्ट, दोन्ही टोकांना लाइन राउटरवर किंवा लेयर ३ (राउटिंग करणाऱ्या) स्विचवर उतरवा, मध्ये /३० किंवा /३१ चं, म्हणजे दोनच वापरायच्या पत्त्यांचं, छोटं नेटवर्क ठेवा. सोपं पडतं म्हणून दोन्हीकडचे स्विच थेट जोडून एकच सपाट लॅन करण्याचा मोह होतो. मग कारखान्यात कुणी पॅच कॉर्डचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये लावलं की ब्रॉडकास्टचं वादळ (सगळ्यांना जाणाऱ्या फ्रेमांचा न थांबणारा फेरा) लाइनवरून कार्यालयात येतं आणि दोन्ही ठिकाणं एकदम बसतात. स्विचमधली स्पॅनिंग ट्री (असे फेरे तोडणारी सोय) चालू असेल तर त्याच स्विचमधला फेरा ती थांबवते, पण लाइनवरून जाणारा फेरा थांबवायला लागणाऱ्या तिच्या फ्रेम मधली कंपनी पुढे पाठवेलच असं नाही.

तिसरी आणि मोठी गोष्ट: 'ब' मध्ये कारखान्याचं सगळं एका फायबरवर टांगलेलं आहे. ईआरपी, फोन, इंटरनेट, सगळंच. रस्त्यावर खोदकामात फायबर तुटली की जोडायला काही तास लागतात. तुटलेली जागा शोधायची, गाडी पोचायची, खड्डा मोकळा करायचा, एकेक तंतू जोडून मोजायचा. प्रायव्हेट लाइनची फायबर ब्रॉडबँडच्या फायबरसारखीच असते, बऱ्याचदा एकाच खड्ड्यातून जाते, ती काही जास्त मजबूत नसते.

म्हणून कारखान्यातलं सध्याचं ब्रॉडबँड बंद करू नका. प्रायव्हेट लाइन मुख्य, ब्रॉडबँडवरचा टनेल राखीव. आणि कारखान्यातली इंटरनेटची रहदारी, म्हणजे व्हिडिओ मीटिंग, मेल, सॉफ्टवेअरचे अपडेट, त्या ब्रॉडबँडवरूनच थेट बाहेर सोडा. ती कार्यालयातून फिरवली तर लाइनवर फुकटची गर्दी होते, आणि कार्यालयातली वीज गेली तरी कारखान्याचं इंटरनेट बंद पडतं. सगळी रहदारी एकाच फायरवॉलमधून जावी असा नियम तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याची किंमत माहीत असू द्या.

उत्तर – तांब्याची तार

घड्याळजींनी राखीव टनेल सांगितला. तो आपोआप चालू होईल असं गृहीत धरू नका, बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच फसते.

कंपनी तुमच्याकडे एक डबा ठेवते, मीडिया कन्व्हर्टर किंवा छोटा स्विच. मधली फायबर तुटली तरी त्या डब्याचा तुमच्या राउटरकडचा पोर्ट चालूच राहतो, हिरवा दिवा तसाच. राउटरला लाइन जिवंत दिसते, स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) हटत नाही, पॅकेट खड्ड्यात पडत राहतात. काही डब्यांत पलीकडची लिंक गेली की अलीकडचा पोर्टही पाडण्याची सोय असते, ती चालू करायला सांगा. पण भिस्त तिच्यावर ठेवू नका. दोन्ही राउटरवर ओएसपीएफ किंवा बीजीपी (आपोआप वाट ठरवणारे प्रोटोकॉल) चालवा आणि त्याला बीएफडी (लाइन जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) जोडा: ३०० मिलिसेकंदांना एक पॅकेट, सलग तीन चुकली की लाइन मृत. म्हणजे एका सेकंदाच्या आत वाट बदलते. बीएफडीशिवाय ओएसपीएफला नेहमीच्या मांडणीत ४० सेकंद लागतात, आणि बीजीपीला बऱ्याच राउटरांवर १८०. तेवढ्यात चालू फोन आणि ईआरपीची सत्रं तुटलेली असतात. राउटरला बीएफडी येत नसेल तर पलीकडच्या पत्त्यावर पिंग ठेवून स्टॅटिक रूट त्याच्याशी बांधा. पिंग नेमक्या त्याच पोर्टमधून बाहेर पडेल हे मात्र पक्कं करा. नाहीतर लाइन गेल्यावर पिंग टनेलमधून पोचतं, राउटरला वाटतं लाइन आली, तो परत वळतो, पुन्हा पडतो, आणि हे चालूच राहतं.

दुसरा सापळा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. प्रायव्हेट लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, आयपीसेकमध्ये ६० ते ८० बाइट वेष्टणात जातात. वाट बदलली की आधीपासून चालू असलेली सत्रं मोठीच पॅकेट पाठवत राहतात, टनेलमध्ये ती मावत नाहीत, आणि 'तुकडे करा' सांगणारा आयसीएमपी संदेश कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला असतो. लक्षण ओळखीचं आहे: पिंग जातं, लॉगिन होतं, मोठा रिपोर्ट मागवला की खिडकी गोठते. उपाय सोपा. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) दोन्ही वाटांवर सुरुवातीपासूनच १३६० ला बांधून टाका. लाइनवर अर्ध्या टक्क्याहूनही कमी क्षमता जाईल, पण वाट बदलताना सत्र अडकणार नाही.

राखीव वाट ४जी किंवा ५जी असेल तर तिथे बहुधा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. टनेल कारखान्याच्या बाजूने सुरू व्हायला हवा, आयकेई (टनेलच्या किल्ल्या ठरवणारा प्रोटोकॉल) आवृत्ती २, नॅटमधून (अनेकांत वाटलेल्या सार्वजनिक पत्त्यामागून) जाण्यासाठी यूडीपी पोर्ट ४५००, आणि कार्यालयाच्या बाजूला स्थिर पत्ता.

शिवाय कारखान्यात डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा), डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारा) आणि लॉगिनचा डोमेन कंट्रोलर स्थानिक ठेवा. ते तिन्ही कार्यालयात असतील तर दोन्ही वाटा गेल्यावर कारखान्यातला माणूस शेजारच्या प्रिंटरवरही छापू शकत नाही.

कारखानदारी

सर्वांचे आभार. मोजलं: टनेलमधून सरासरी ४१ मिलिसेकंद, सगळ्यात कमी ३८. ट्रेसराउटमध्ये दोन दूरची शहरं दिसली. ईआरपीची पॅकेटं पकडून पाहिली, ऑर्डरच्या एका खिडकीला २८० फेऱ्या होतात.

आणखी विचारायचं: १०० एमबीपीएस पुरतील का? रात्री कारखान्यातला सर्व्हर कार्यालयात बॅकअप पाठवतो, पूर्ण बॅकअप २०० जीबी. फोनचा आवाज तुटू नये यासाठी काय करावं? आणि प्रायव्हेट लाइन असल्यावर एन्क्रिप्शन लागतं का?

उत्तर – निळा पॅच

२८० गुणिले ४१ म्हणजे साडेअकरा सेकंद, तुमची तक्रार जुळली. २ मिलिसेकंदांच्या लाइनवर तीच खिडकी साधारण अर्ध्या सेकंदात उघडेल. शक्य असेल तर ईआरपी बनवणाऱ्यांनाही विचारा की या २८० क्वेऱ्या एकत्र करून पाठवता येतील का. खरी दुरुस्ती तीच आहे आणि ती सगळ्या ठिकाणी उपयोगी पडते.

बँडविड्थचा हिशोब. एका फोन संभाषणाला जी.७११ (आवाजाचं कोडेक) मध्ये २० मिलिसेकंदांची पॅकेटं धरून इथरनेटवर प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस. एका वेळी १० संभाषणं झाली तरी ०.९ एमबीपीएस. २५ जणांचं ईआरपी सरासरीला १० एमबीपीएसच्या आतच राहील. कॅमेरे मात्र बघा. प्रत्येकी ४ एमबीपीएसने २४ कॅमेरे एकदम उघडले तर ९६ एमबीपीएस होतात आणि लाइन भरते. कॅमेऱ्यांना दुसरा, हलका प्रवाह असतो, भिंतीवरच्या पडद्यासाठी तो लावा आणि मोठा प्रवाह एखादा कॅमेरा निवडल्यावरच येऊ द्या. यात १०० पुरतात.

बॅकअप: २०० जीबी म्हणजे १६ लाख मेगाबिट. प्रत्यक्षात हाती येणाऱ्या ९४ एमबीपीएसने पावणेपाच तास. आठवड्यातून एकदा पूर्ण आणि रोज फक्त बदललेले ब्लॉक पाठवा. रोजचा बदल १५ जीबी असला तर २१-२२ मिनिटांचं काम.

हाच बॅकअप उद्या कार्यालयातून क्लाउडवर पाठवणार असाल तर कार्यालयाच्या इंटरनेटचं बिल कसं आहे ते बघा. वापरावर बिल असेल तर बऱ्याचदा ९५ व्या शतमानाने लावतात: ५ मिनिटांचे नमुने, ३० दिवसांत ८,६४०, त्यातले सगळ्यात वरचे ४३२ सोडून देतात. म्हणजे महिन्यात ३६ तासांची उसळी माफ. रोज पावणेपाच तास पूर्ण वेगाने बॅकअप गेला तर महिन्याला १४० तासांच्या वर होतात आणि बिल त्या उच्च वेगाचंच येतं.

उत्तर – घड्याळजी

फोनच्या आवाजाबद्दल. इथे प्रायव्हेट लाइनचा एक फायदा आहे जो फारसा कुणी सांगत नाही. इंटरनेटवर तुम्ही पॅकेटवर कितीही प्राधान्याचे शिक्के मारले तरी मधली जाळी ते मानत नाहीत, आणि तुमच्याकडे येणाऱ्या रहदारीची रांग कंपनीच्या राउटरमध्ये लागते, जिथे तुमचं काही चालत नाही. पॉइंट टू पॉइंट लाइनला दोनच टोकं, आणि दोन्ही टोकांची बाहेर जाणारी रांग तुमच्याच राउटरमध्ये. दोन्ही दिशा तुमच्या हातात. आवाजाला ईएफ, म्हणजे डीएससीपी ४६ हा प्राधान्याचा शिक्का, कडक प्राधान्याची रांग आणि तिला ५ एमबीपीएसची मर्यादा, म्हणजे ती बाकीच्यांना उपाशी ठेवणार नाही. ईआरपीला हमीचे ३० एमबीपीएस. बॅकअप आणि कॅमेरे तळाला.

पण यासाठी रांग तुमच्याकडे लागायला हवी. लाइन १०० ची आणि हाती दिलेला पोर्ट १ जीबीपीएसचा, ही नेहमीची मांडणी. तुमचा राउटर पोर्टच्या वेगाने पॅकेटांचा झोत सोडतो, कंपनीचा पोलिसर (वेगमर्यादा राखणारी सोय) १०० च्या वरचं उचलून फेकतो, आवाज आणि बॅकअप असा भेद न करता. सरासरी ४० एमबीपीएस दिसत असताना पॅकेट लॉस दिसतो तो यामुळे. राउटरवर दोन्ही टोकांना ९५ एमबीपीएसचा शेपर (जास्तीची पॅकेटं फेकण्याऐवजी रांगेत थांबवणारी सोय) लावा आणि प्राधान्याच्या रांगा त्या शेपरच्या आत. शेपर न लावता नुसत्या रांगा लिहिल्या तर त्या कधी भरतच नाहीत आणि प्राधान्याला अर्थ उरत नाही. इंटरनेटच्या लाइनवरही हेच करा, बाहेर जाणाऱ्या दिशेपुरता तरी उपयोग होतो.

उत्तर – गाठ

एन्क्रिप्शनचं थोडक्यात: हो, लावा. प्रायव्हेट लाइन इतर ग्राहकांपासून वेगळी असते, गुप्त नसते. फ्रेम कंपनीच्या उपकरणांतून उघड्याच जातात. पगार, दरपत्रक, पासवर्ड जाणार असतील तर झाकलेल्याच जाव्यात.

दोन पर्याय. एक, लाइनवरही आयपीसेक. चालतं, फक्त फायरवॉलचा आयपीसेकचा वेग माहितीपत्रकात बघा. ठळक अक्षरात छापलेला आकडा साध्या रहदारीचा असतो, टनेलचा आकडा खाली वेगळा असतो आणि बराच कमी असतो. दोन, मॅकसेक. ते थेट इथरनेटच्या पातळीवर चालतं, फ्रेममागे ३२ बाइट घेतं, लेटन्सी जवळपास वाढत नाही. पण किल्ल्यांची देवाणघेवाण ज्या फ्रेममधून होते त्या राखीव मॅक पत्त्यावर जातात, आणि कंपनीचा स्विच त्या बऱ्याचदा स्वतःच गिळतो. मग दोन्ही टोकं 'वाट बघतोय' म्हणत बसतात. घेण्याआधी विचारा की या फ्रेम पुढे जातात का. जात नसतील तर तो पत्ता बदलण्याची सोय तुमच्या राउटरमध्ये आहे का ते तपासा.

डेडिकेटेड इंटरनेटच्या बाजूला वेगळीच जोखीम आहे. तो पत्ता सगळ्या जगाला दिसतो, आणि बाहेरून मुद्दाम पाठवलेल्या रहदारीचा पूर आला तर तुमची फायरवॉल कितीही चांगली असली तरी २०० एमबीपीएसची लाइन दाराबाहेरच भरते. गाळणी कंपनीच्या जाळ्यात हवी. ती दरात धरली आहे की वेगळी, हे करारात वाचा. प्रायव्हेट लाइनला हा धोका नाही, त्यामुळे कार्यालयाचं इंटरनेट बुडालं तरी कारखान्याचं ईआरपी आणि आपसातले फोन चालू राहतात.

उत्तर – घड्याळजी

कराराचं राहिलं होतं, आणि तीन वर्षांसाठी सही करताय म्हणून सविस्तर लिहितो.

उपलब्धतेचे टक्के तासांत करून वाचा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहिलं तरी कंपनी करार पाळतेच आहे. ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं, आणि एका फायबरवर कुणी ते आश्वासन देत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की चुकल्यावर भरपाई मिळेल. एक तुटलेली फायबर चार मिनिटांत कुणी जोडत नाही. भरपाईही मासिक भाड्याच्या काही टक्क्यांचीच असते, तुमच्या थांबलेल्या कामाची नसते.

घड्याळ कधी सुरू होतं ते बघा: लाइन पडल्यापासून की तुम्ही तक्रार नोंदवल्यापासून? नियोजित देखभाल वगळली असेल तर तिची आगाऊ सूचना किती दिवसांची, आणि वर्षाला जास्तीत जास्त किती तास? प्रायव्हेट लाइनसाठी उपलब्धता टोक ते टोक मोजलेली हवी. लेटन्सी आणि पॅकेट लॉसचे आकडेही त्यात लिहून घ्या. तुमच्या बाबतीत लेटन्सी हाच सगळा मुद्दा आहे, तेव्हा 'जाऊन-येऊन ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नाही' हे वाक्य करारात नसेल तर कंपनी उद्या सर्किट दुसऱ्या लांबच्या मार्गाने फिरवू शकते आणि तुम्हाला बोलायला जागा राहत नाही.

वारंवार बिघाडाचं कलम मागा: एका महिन्यात ठरावीक वेळा लाइन पडली तर दंड न भरता करार मोडता यावा. जागा बदलण्याचं कलमही. डेडिकेटेड इंटरनेटचं एक ठिकाण हललं तर तेवढीच लाइन हलते. प्रायव्हेट लाइनचं एक टोक हललं की दुसरं टोकही निरुपयोगी होतं. बिल दोन्ही टोकं चालू होऊन तुम्ही चाचणी मान्य केल्यापासून सुरू व्हावं. एक टोक तयार आणि दुसऱ्या टोकाला खोदाईची परवानगी अडलेली, ही नेहमीची गोष्ट आहे.

राखीव ब्रॉडबँड दुसऱ्या कंपनीचं आहे म्हणून मार्गही वेगळा आहे असं समजू नका. एक कंपनी दुसरीची फायबर भाड्याने घेते. दोघींकडून मार्गाचा नकाशा मागा आणि एकमेकांवर ठेवून बघा. निदान इमारतीत शिरण्याची जागा तरी वेगळी करून घ्या.

उत्तर – तांब्याची तार

स्वीकृतीची चाचणी. कंपनीचा माणूस लॅपटॉपवर वेग मोजण्याचं संकेतस्थळ उघडून दाखवेल, ते मान्य करू नका. प्रायव्हेट लाइनसाठी वाय.१५६४ चाचणीचा अहवाल मागा. तिच्यात वेग २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांपर्यंत चढवत नेतात आणि मग पूर्ण वेगाने सलग चालवून लॉस, लेटन्सी, जिटर (लेटन्सीतला चढउतार) मोजतात. ही दुसरी पायरी १५ मिनिटांचीही चालते, पण तुम्ही २४ तासांची मागा. रात्री तापमान उतरल्यावर किंवा दिवसा यंत्रं सुरू झाल्यावर येणारे दोष त्यातच सापडतात.

मग स्वतः करा. दोन्ही टोकांना एकेक संगणक थेट राउटरला लावून आयपर्फ (वेग मोजणारं सॉफ्टवेअर), दोन्ही दिशांना एकाच वेळी, ३० मिनिटं. ९४ ते ९६ एमबीपीएस आले तर ठीक. तुकडे न करण्याचा बिट लावून १४७२ बाइटचं पिंग पाठवा. त्यात २८ बाइट मथळ्याचे मिळून १५०० होतात, ते गेलं पाहिजे.

एक दिशा छान आणि दुसरी रडतखडत असेल, तर आधी दोन्ही पोर्टची डुप्लेक्स (दोन्ही दिशा एकाच वेळी चालतात की आळीपाळीने) तपासा. कंपनीच्या डब्यावर १०० फुल पक्कं केलेलं आणि तुमचा पोर्ट ऑटोवर असेल, तर तुमचा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर बसतो. तुमच्या बाजूला लेट कोलिजन (फ्रेमांच्या टकरी) आणि त्यांच्या बाजूला सीआरसी चुका (खराब पोचलेल्या फ्रेम) वाढत जातात, आणि पिंग मात्र स्वच्छ येतं. दोन्हीकडे एकसारखी मांडणी करा.

फायबर थेट तुमच्या एसएफपीत (राउटरमध्ये बसणाऱ्या फायबरच्या मॉड्यूलमध्ये) येत असेल तर पहिल्या दिवशीच येणाऱ्या प्रकाशाचं डीबीएम (ताकदीचं माप) लिहून ठेवा. पुढे ते ३ डीबीने घसरलं तर प्रकाश निम्मा झाला, म्हणजे कुठेतरी तार वाकली आहे किंवा कनेक्टर मळला आहे. आणि हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घालू नका. बसतो, पण त्यांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात, प्रकाश वाया जातो आणि लिंक अधूनमधून पडते. असा दोष शोधण्यात आठवडा जातो.

कारखानदारी

खूपच उपयोगी. म्हणजे कार्यालय-कारखाना प्रायव्हेट लाइन, कार्यालयात डेडिकेटेड इंटरनेट, कारखान्यातलं ब्रॉडबँड स्थानिक इंटरनेट आणि राखीव टनेलसाठी. गोदामाला पण प्रायव्हेट लाइन लागेल का?

उत्तर – निळा पॅच

गोदामाला नको. २२० किलोमीटरची लाइन १२ माणसांसाठी महाग पडेल, आणि तिथून येऊन-जाऊन २.२ मिलिसेकंद हा नुसता प्रकाशाचा वेळ झाला. फायबर सरळ रेषेत जात नाही, प्रत्यक्षात ५-६ धरा.

तिथे ईआरपीचा क्लायंट गोदामातल्या संगणकावर चालवूच नका. कार्यालयात एक टर्मिनल सर्व्हर ठेवा, ईआरपी त्यावर चालू द्या, गोदामातून रिमोट डेस्कटॉपने वापरा. २८० फेऱ्या मग कार्यालयाच्या लॅनवरच होतात आणि गोदामापर्यंत फक्त कळा आणि पडद्यातला बदल जातो. ४०-५० मिलिसेकंदांतही टाइप करताना अडत नाही. सध्याचं ब्रॉडबँड, त्यावरचा टनेल आणि राखीव म्हणून ४जी एवढं पुरेल. बारकोड स्कॅनर आणि लेबल प्रिंटर रिमोट सत्रात नीट जोडले जातात का, हे मात्र आधी एका संगणकावर दोन दिवस चालवून बघा, अडलं तर तिथेच अडतं.

हाच टर्मिनल सर्व्हर कारखान्यातल्या चार-पाच जणांना आत्ताच देऊन बघा. प्रायव्हेट लाइन येईपर्यंतचे महिने तेवढ्यावर निघतील, आणि सगळ्यांचं काम त्यावर भागतंय असं दिसलं तर लाइन १०० ऐवजी ५० ची घेता येते का तेही कळेल. वेग वाढवण्याची सोय त्याच पोर्टवर, नवीन खोदाईशिवाय आणि ठरलेल्या दराने, करारात लिहून घ्या.